विश्लेषण : बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातील शीतकेंद्रे कमी विजेत कशी चालतील?

वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्गाचा जेएनपीए बंदराकडे जाणारा टप्पा बदलापूरजवळून जातो. महामार्ग आला की गोदामे येतात, हे भिवंडीने दाखवले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांची एकत्रित लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच सव्वानऊ लाखांवर होती. दूध, पनीर, भाज्या, मांस, आइस्क्रीम यांची साठवण आणि वाटप करणारे मोठे शीतकेंद्र इथे उभारायचे झाल्यास दुसऱ्या शहराचा आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. इथली हवा, पाणी आणि शेजार वेगळा आहे.

वीज नेमकी कुठे जाते?

बटाट्याच्या शीतगृहात माल महिनोन्‌महिने पडून असतो, दार क्वचित उघडते. वितरण केंद्रात माल एक-दोन दिवस थांबतो आणि गाड्या रात्रंदिवस लागतात. पावसाळ्यात ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर प्रत्येक किलो हवेत सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते. २ अंशांच्या खोलीतील हवेत ते जेमतेम ४ ग्रॅम. म्हणजे उघड्या दारातून शिरलेली हवा थंड करण्यापेक्षा तिच्यातले पाणी काढण्यावरच यंत्रणेची जास्त शक्ती खर्च होते. हे पाणी कॉइलवर बर्फ होऊन बसते आणि तो वितळवायला पुन्हा वीज लागते.

म्हणून महागड्या कॉम्प्रेसरआधी गाडीला घट्ट बसणारे डॉक शेल्टर, झटकन मिटणारी दारे आणि माल चढवण्या-उतरवण्यासाठी कोरडी, थंड मार्गिका यांवर खर्च करणे शहाणपणाचे. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ती आधी इथेच लागते, हे दुर्दैव. आइस्क्रीमला उणे १८ अंश लागतात, दुधाला ४ अंश पुरतात. दोन्ही एकाच दाबाच्या यंत्रणेवर चालवले तर दुधालाही आइस्क्रीमच्या दराने वीज मोजावी लागते. आतल्या पंख्यांचा वेग २० टक्के उतरवला तर त्यांची वीज जवळपास निम्म्यावर येते.

मे महिन्यातली अडचण कोणती?

आतली उष्णता शेवटी बाहेर फेकायची असते. मे महिन्यात बदलापूरचा पारा चाळिशी गाठतो. केवळ हवेवर चालणाऱ्या कंडेन्सरमधील तापमान तेव्हा ५० अंशांपुढे जाते. कंडेन्सरवर पाणी शिंपडल्यास ते ३५ च्या आसपास राखता येते. हे तापमान एका अंशाने उतरले तर साधारण २ ते ३ टक्के वीज वाचते, म्हणजे बचत बिलाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाची.

मात्र एक मेगावॉट उष्णता बाहेर टाकायला तासाला सुमारे दीड हजार लिटर पाण्याची वाफ करावी लागते. उल्हास नदी आणि बारवी धरण यांवर आधीच अनेक शहरांची आणि औद्योगिक वसाहतींची तहान भागते. पाण्याची सर्वाधिक गरज नेमकी टंचाईच्या महिन्यात, आणि जुलैमध्ये पाणी मुबलक असताना दमट हवेमुळे शिंपडण्याचा फायदा नगण्य. तेव्हा पावसाळ्यात कोरडे आणि उन्हाळ्यात ओले चालणारे कंडेन्सर, त्यासाठी शुद्ध केलेले सांडपाणी, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

अमोनिया चालेल का?

कार्यक्षमतेत अमोनिया आघाडीवर आहे आणि तो हवामान तापवत नाही. आर-४०४ए हा प्रचलित वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट तापवतो. किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार अशा वायूंचा वापर २०२८ पासून गोठवून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. शीतयंत्रणा वीस वर्षे चालते. आज बसवलेल्या यंत्राला २०४० मध्ये गॅस कोणत्या भावाने मिळेल, याचा विचार आजच हवा.

पण अमोनिया विषारी आहे. जून २०२१ मध्ये बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक वायुगळती झाली आणि रहिवाशांना श्वास घेणे जड झाले. कारखान्यांच्या कुंपणाला इमारती टेकलेल्या या भागात कित्येक टन अमोनिया पाइपांतून साऱ्या गोदामात फिरवणे रहिवाशांना पटणार नाही, आणि पटूही नये. कार्बन डायऑक्साइड सुरक्षित ठरतो, पण ३१ अंशांवर तो द्रवरूपात येत नाही, त्यामुळे इथल्या उन्हात एकटा तो जास्त वीज खातो. मधला मार्ग असा : थोडा अमोनिया बंद यंत्रघरातच ठेवायचा, खोल्यांत ग्लायकॉल किंवा कार्बन डायऑक्साइड फिरवायचा. यात पंपाची आणि मधल्या उष्णता-देवाणघेवाणीची काही टक्के वीज वाढते. इथे ती किंमत मोजलेली बरी.

दिवसाच्या स्वस्त विजेचा फायदा?

राज्याच्या नव्या दररचनेत उद्योगांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या सौरतासांत सवलत असते, त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत अधिभार. पूर्वी रात्री बर्फ करून ठेवण्याचे गणित होते, ते आता उलटले. गंमत अशी की वीज स्वस्त तेव्हा ऊन जास्त आणि यंत्र सर्वात अकार्यक्षम. शिवाय भाजी गरजेपेक्षा थंड केली तर काळी पडते. त्यामुळे थंडावा मालात न साठवता ग्लायकॉलच्या टाकीत साठवावा लागेल आणि तो सायंकाळी, गाड्या भरण्याच्या गर्दीत वापरता येईल. छतावरील सौरपॅनेल याच वेळापत्रकात बसतात.

जागेचे काय?

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि एक हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. नदीकाठचा भूखंड स्वस्त मिळाला, तरी वीजफलक, जनरेटर आणि अमोनियाचे यंत्रघर पूररेषेच्या वर उचलण्याचा खर्च त्याच हिशेबात धरावा लागेल.