वाक्प्रचारांची घोकंपट्टी

वाक्प्रचारांच्या यादीवाचून इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक पुरे होत नाही. डावीकडे वाक्प्रचार आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ अशी ही यादी विद्यार्थी घोकतो, परीक्षेत उतरवितो आणि विसरतो. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. तथापि ही रीत फारशी पालटलेली दिसत नाही.

या रीतीचा दोष केवळ विस्मरणाचा नव्हे. जेथे दोन्ही भाषांतील शब्द जुळतात, नेमका तेथेच अर्थ चकवितो. ‘टु पुल समवन्स लेग’ म्हणजे एखाद्याची थट्टा करणे. मराठीत ‘पाय ओढणे’ म्हणजे वर चढणाऱ्यास खाली खेचणे. साहेबांची साधी थट्टा नवख्या कारकुनास वैराची कबुली वाटावी, एवढे हे अंतर आहे. ‘टु वॉश वन्स हँड्स ऑफ’ म्हणजे जबाबदारी झटकणे. मराठीत ‘हात धुऊन मागे लागणे’ म्हणजे पिच्छा न सोडणे. येशूच्या वधास संमती देताना रोमन सुभेदार पिलात याने लोकांसमक्ष हात धुतले, ही बायबलातील कथा ज्याने ऐकली आहे, त्याची येथे गल्लत होणार नाही. ज्याने नुसती यादी घोकली आहे, त्याची होईल.

वाक्प्रचार म्हणजे त्या त्या समाजाच्या जीवनक्रमाचा अर्क होय. इंग्रज हे दर्यावर्दी राष्ट्र. समोरून वारा आला की शिडे मागे डोलकाठीवर दाबली जाऊन जहाज थबके. त्यावरून ‘टेकन अबॅक’ म्हणजे अवाक होणे. मराठ्यांचे जीवन घोड्याच्या पाठीवर गेले; म्हणून निरुपयोगी भरण्यास मराठी माणूस ‘खोगीरभरती’ म्हणतो. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत नेल्सनने माघारीची निशाणी पाहण्यासाठी दुर्बीण आपल्या अंध डोळ्यास लावली, असे सांगतात. ‘टु टर्न अ ब्लाइंड आय’ या वाक्प्रचाराचा संबंध याच प्रसंगाशी जोडला जातो. त्यास मराठीत ‘काणाडोळा करणे’ हा अस्सल प्रतिशब्द तयार आहे. ‘ध चा मा करणे’ याचा अर्थ मात्र मराठी मुलास पाठ करावा लागत नाही. १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या वधाची गोष्ट त्याने ऐकलेली असते. इंग्रजी वाक्प्रचारासही अशीच गोष्ट जोडून दिली, तर तो का लक्षात राहणार नाही?

भरगच्च वर्गात गोष्टी सांगण्यास वेळ कोठून आणावा, असे शिक्षक विचारतील, आणि ते रास्तही आहे. परीक्षा जोवर केवळ अर्थ विचारते, तोवर घोकंपट्टीचा सारा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. प्रश्नपत्रिकेने एखादा प्रसंग देऊन त्यात कोणता वाक्प्रचार शोभेल, असे विचारावे. शंभर वाक्प्रचारांची यादी वीसांवर आली तरी चालेल. पण ते वीस मुलाच्या जिभेवर खेळले पाहिजेत.

ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते, त्या मुलांना हे धन आयतेच मिळते. शेतकऱ्याच्या, कामगाराच्या मुलास शाळेवाचून दुसरा आधार नाही. त्याच्या हाती शाळेनेही कोरडी यादीच ठेवली, तर पुढे मुलाखतीच्या दाराशी तो अडखळेल आणि ठपका मात्र त्याच्या बुद्धीवर येईल.