हिरवा, पिवळा, लाल

पळणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटे साडेपाचला पूर्वी सूर्योदयाचे फोटो यायचे. आता स्क्रीनशॉट येतात. "माझा आज ८७!" "माझा ४१, लाल. आज नाही येत." हा आकडा म्हणजे रात्रभर मनगटावरच्या घड्याळाने (किंवा बोटातल्या अंगठीने) झोपेतले ठोके मोजून काढलेली तुमची 'तयारी'. हिरवा आला तर पळायचं, लाल आला तर पांघरूण ओढायचं. काही ग्रुपांत तर कोच हा स्क्रीनशॉट सक्तीने मागवतात. माझा या प्रकाराला विरोध आहे. का आहे ते एकदाचं लिहून टाकतो.

आधी एक स्पष्ट करतो, नाहीतर आमचे काका लगेच म्हणतील, "बघा, मी म्हणत होतो ना, ही सगळी थेरं आहेत!" नाही काका, मोजण्याला माझा विरोध नाही. रात्रीचे ठोके ही फार कामाची गोष्ट आहे. हृदयावर कुठल्याच नसेचा हुकूम नसेल तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. विश्रांतीत ते साठावर, पळणाऱ्यांचं पन्नासच्याही खाली येतं, त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे व्हेगस नावाची नस लगाम खेचून धरते. शरीर ताणाखाली असलं की हा लगाम सैल पडतो. आदल्या दिवशीचं ३० किलोमीटरचं लाँग रन, अंगातली कणकण, रात्री अकराला चापलेली बिर्याणी, दोन पेग, यांतलं काहीही असो, झोपेतले ठोके वर राहतात. शिवाय झोपेत माणूस जिने चढत नाही, चहा पीत नाही, साहेबाचा फोन घेत नाही. हात स्थिर असतो, त्यामुळे घड्याळाच्या पाठीवरच्या हिरव्या दिव्यांनाही रक्ताची लाट नीट टिपता येते. म्हणजे मोजमाप चांगलं आहे. भांडण पुढच्या पायरीशी आहे.

'काल रात्री ठोके ५२ ऐवजी ५९ होते' ही माहिती झाली. 'तुमची तयारी ४१' हे मत झालं. या मतामागे ठोके, दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार, झोपेचे तास, आधीच्या दिवसांचे श्रम असं बरंच काही एकत्र कालवलेलं असतं. कशाला किती वजन दिलं याचं नेमकं सूत्र कंपन्या सहसा सांगत नाहीत. मिसळ तिखट लागली तर निदान कट वेगळा चाखून बघता येतो. इथे तीही सोय नाही.

आणि ठोके वाढले म्हणजे व्यायामच जास्त झाला, हे कुणी ठरवलं? बायकांचे रात्रीचे ठोके पाळीच्या आधीच्या दिवसांत दोन-चारांनी चढे असतात. त्यात बिघडलेलं काही नसतं. पण माझ्या वहिनीला तिच्या ग्रुपच्या कोचने सलग दोन महिने ऐन त्याच आठवड्यात लाँग रनला येऊ दिलं नाही. कारण काय, तर आकडा लाल! स्पर्धा दहा आठवड्यांवर आली होती. तिला स्वतःला उत्तम वाटत होतं, पण ते विचारलंच नाही कुणी.

उलट बाजूही बघा. फ्रान्समध्ये ट्रायथलॉन करणाऱ्या खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना मुद्दाम जास्त व्यायाम देऊन थकवलं. ज्यांची कामगिरी खरोखर घसरली त्यांचे विश्रांतीतले ठोके वाढले नाहीत, उलट कमी झाले. म्हणजे थकून गेलेला माणूसही कागदावर 'ताजातवाना' दिसू शकतो. आता बोला!

"अहो, पण फिनलंडमध्ये सिद्ध झालंय," असं लगेच कोणीतरी म्हणेल. झालंय ना. २००७ सालचा औलूचा अभ्यास मलाही माहीत आहे. रोज सकाळी ठोक्यांमधला चढउतार मोजून त्याप्रमाणे व्यायाम ठरवणाऱ्यांची प्रगती ठरलेल्या वेळापत्रकाने पळणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. पण त्यात प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या दिवसांशी होती, मोजायची एक ठरलेली पद्धत होती, आणि प्रश्न साधा होता, आज जोर लावायचा की हलकं घ्यायचं? शिवाय माणसं थोडी आणि काळ चार आठवड्यांचा. त्यावरून बंद डब्यातल्या स्कोअरचं समर्थन कसं होतं?

२०१६ साली अशा पन्नासहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की श्रमांचा परिणाम टिपण्यात 'कसं वाटतंय?' या प्रश्नाचं खेळाडूने दिलेलं उत्तर यंत्रांच्या आणि रक्ताच्या तपासण्यांपेक्षा सरस ठरतं. म्हणजे जे फुकट आहे तेच आपण विचारायचं सोडून दिलं.

हे नुसतं तात्त्विक भांडण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. मुंबई मॅरेथॉनच्या आधी एका ओळखीच्या मुलाचा घसा धरला होता, अंगात कसकस होती. सकाळी आकडा हिरवा. गेला अठ्ठावीस किलोमीटर पळायला! सुदैवाने काही झालं नाही. पण विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळी जोर लावणं जिवावर बेतू शकतं. अंगात ताप असेल, छातीत दुखत असेल तर तिथे घड्याळाचं मत विचारायचंच नसतं. घरी बसायचं, डॉक्टरकडे जायचं.

मग करायचं काय? दोनशे पानी वही घ्या. उठल्यावर घड्याळ बघायच्या आधी (हे महत्त्वाचं!) दोन शब्द लिहा: झोप कशी लागली, पाय कसे आहेत. मग रात्रीचे ठोके लिहा. शेजारी उशिराचं जेवण, प्रवास, पाळी, घरातलं भांडण, जे असेल ते. तीन आठवड्यांत तुमचा नेहमीचा आकडा कळतो. एखादी रात्र चढी गेली तर सोडून द्या. सलग तीन रात्री पाच-सातांनी चढे असतील आणि पायही जड असतील, तर दोन दिवस हलकं घ्या. ठोके आणि मन वेगवेगळं सांगत असतील तर पहिले दोन किलोमीटर सावकाश पळा, उत्तर तिथे मिळतं. आणि दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. कुणाचे ४४ असतात, कुणाचे ६२. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचे गोळीमुळेच कमी असतात. त्यात शौर्य नाही आणि लाजही नाही.

कोच मंडळींना एकच विनंती. झोपेतले ठोके ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे. कुणी किती प्यायलं, कुणाची पाळी कधी, कुणाला रात्रभर झोप नाही, हे सगळं त्यातून डोकावतं. ते चाळीस जणांच्या ग्रुपवर मागवायचा अधिकार तुम्हाला नाही. त्याऐवजी पहाटे समोर आलेल्या माणसाकडे नीट बघा आणि "काय रे, कसं वाटतंय?" एवढं विचारा. उत्तर ऐकून घ्या. कोच म्हणून तुमचं पहिलं काम ते आहे.