सोसायटीचे दप्तर आणि सभासदाचा हक्क



गावोगावच्या विकास सोसायट्यांची रोजकीर्द-खतावणी आता कपाटातून निघून संगणकात चालली आहे. केंद्र सरकारने 29 जून 2022 रोजी 63 हजार सोसायट्यांसाठी 2,516 कोटींची योजना मंजूर केली. नाबार्डमार्फत सर्वांना एकच प्रणाली. नोंदी सोसायटीतल्या यंत्रात न राहता दूरच्या सर्व्हरवर राहतात. यालाच 'क्लाउड' म्हणतात.

यात फायदा आहेच. उंदराने, वाळवीने दप्तर खाल्ले, ही सबब संपली. यंत्र बिघडले तरी हिशेब जात नाही.

पण एक ध्यानात घ्या. जुन्या खतावणीतली चुकीची बाकी नव्या प्रणालीत तशीच चढते, आणि छापून आली की तीच खरी मानली जाते. कापूस-केळीवाल्याने भरलेला हप्ता थकीत दिसला, तर व्याजाची सवलत गेली अन् नवे पीककर्जही अडले. मग चोपड्याहून, शिरपूरहून जिल्हा बँकेत खेटे घाला!

म्हणून आमचे स्पष्ट मत असे : बाकी चढवण्याआधी, आणि चढवली असल्यास आता तरी, प्रत्येक सभासदाला उतारा दाखवून त्याची सही घ्यावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 32 प्रमाणे आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क सभासदाला आहेच. पासवर्ड एकट्या गटसचिवाच्या खिशात नसावा. लाइट नाही, रेंज नाही म्हणून भरणा परत पाठवू नये. हाताने पावती फाडावी.

दप्तर कुठेही राहो, मालक सभासदच. तेव्हा सोसायटीत जा, उतारा मागा.