इस्त्री कुणासाठी?

८ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढलं. मंत्रालयात आणि राज्यभरच्या सरकारी कार्यालयांत कुणी काय घालून यायचं, हे त्यात लिहिलेलं होतं. बायकांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट, गरज असेल तर दुपट्टा. पुरुषांनी शर्ट-पॅन्ट. जीन्स आणि टी-शर्ट नको. गडद रंगांचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत. पायात स्लिपर नको. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी. कारण असं की, कर्मचारी गबाळे दिसले तर लोकांच्या मनातली शासनाची प्रतिमा मलिन होते.

मी चामोर्शी तालुक्यातला. बारावीपर्यंत तिथेच वाढलो, त्यामुळे लोकांच्या मनातली शासनाची प्रतिमा कशी तयार होते हे मी जवळून बघितलं आहे. ती जीन्समुळे मलिन झाल्याचं मला एकदाही आठवत नाही. रिकामी खुर्ची आठवते. 'लिंक नाही' आठवतं. 'साहेब मीटिंगले गेले' आठवतं. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला चार-चार खेपा घालणारी माणसं आठवतात. त्यातल्या एकानेही परतीच्या काळीपिवळीत बसून 'बाबूने टी-शर्ट घातला होता जी' अशी तक्रार केलेली नाही.

उलट झालेलं मात्र पाहिलं आहे. कपड्यांची काळजी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस करतो. माझे आजोबा धानाची शेती करायचे. घरी आणि बांधीत धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा. पण तहसीलला जायचं ठरलं की आदल्या रात्री पेटीतला पांढरा सदरा निघायचा. आजी तांब्यात निखारे भरून तो सरळ करायची. लग्नाला, मार्कंड्याच्या जत्रेला आणि तहसीलला, अशा तीनच ठिकाणी तो सदरा जायचा. अर्जदाराने काय घालावं याचा शासन निर्णय कुणी काढलेला नाही, तरी तो या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या पाळला जातो. नीट दिसलो तर निदान ओरडणार नाहीत, एवढाच त्यामागचा हिशोब. एका कार्यालयात कडक इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने, वर न बघता, त्या सदऱ्याला 'उद्या ये' म्हटलेलं मी शेजारी उभं राहून ऐकलं आहे. 'या'सुद्धा नाही, 'ये'. परिपत्रकाच्या कसोटीला लावलं तर दोघांचेही कपडे उत्तम होते.

कपड्यांनी काही फरक पडत नाही, असं मला म्हणायचं नाही. भरपूर फरक पडतो. कुणाच्या डोळ्यांना पडतो, हे विचारलं पाहिजे. परिपत्रक लिहिणाऱ्यांनी ते विचारलं नाही. माझ्या जिल्ह्यात हा प्रश्न एकदा खरोखर विचारला गेला होता.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी माणूस दवाखान्यात येत का नाही, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरांत एक असं होतं की, तुमचे डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात आणि आम्ही तर पांढऱ्या कपड्यात मढं गुंडाळतो. मेलेल्याच्या कापडात वावरणारी माणसं जीव कशी वाचवणार? जगभरात ज्या पांढऱ्या कोटाचा अर्थ 'स्वच्छता, ज्ञान, विश्वास ठेवा' असा लावला जातो, त्याचा धानोऱ्याच्या जंगलात अर्थ होता 'इथून पळा'. बंग दांपत्याने शोधग्रामचा दवाखाना मग गोंडांच्या गावासारखा बांधला, झोपड्यांचा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. नावही लोकांच्या देवीचं दिलं, मां दंतेश्वरी. 'प्रोफेशनल दिसणं' यावर लिंक्डइनवर रोज प्रवचनं चालतात. त्यातल्या कुणाला तरी ही गोष्ट सांगायला हवी.

त्याच जिल्ह्यात, भामरागडकडे, हेमलकसा. डॉ. प्रकाश आमटे १९७३ पासून तिथे आहेत. अर्धी पॅन्ट आणि बनियन हा त्यांचा वेश सिनेमामुळे आता सगळ्यांना माहीत झाला आहे. सुरुवातीला तो कुणालाच माहीत नव्हता. समोरच्या माडियाच्या अंगावर लंगोटीपलीकडे काही नाही आणि आपण पूर्ण कपड्यांत, हे त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी कपडे कमी केले. त्याच बनियनवर त्यांनी हजारो रुग्ण तपासले, आणि २००८ मध्ये त्यांना व मंदाकिनीताईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या जिल्ह्यातल्या सगळ्यात विश्वासू डॉक्टरला २०२०च्या परिपत्रकानुसार साध्या कारकुनाच्या खुर्चीवर बसता आलं नसतं.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल, आणि आमच्या आयटीतल्या लोकांना ती फारच आवडेल. बघा, कपडे महत्त्वाचे नाहीत, काम महत्त्वाचं. हुडी घाला, चप्पल घाला, कोड चालला पाहिजे. मी सहा वर्षं हे ऐकतो आहे, आणि मला ते सरकारी परिपत्रकापेक्षा जास्त टोचतं. परिपत्रक निदान उघडपणे हुकूम करतं.

आमट्यांकडे उतरवायला शर्ट होता. ते बाबा आमट्यांचे चिरंजीव, नागपूरला शिकलेले डॉक्टर. बनियनवर उभे राहिले तरी कुणी त्यांना 'तू कोण बे?' असं विचारणार नव्हतं. ज्याच्याकडे मुळात शर्टच नव्हता, त्याला बनियनचं तत्त्वज्ञान सांगण्यात अर्थ नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे सगळ्यांत नेमकं ओळखलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, सत्याग्रह परिषदेनंतर, त्यांनी तिथे जमलेल्या बायकांना सांगितलं की, तुमच्या लुगड्याच्या नेसण्यावरून आणि अंगावरच्या जड दागिन्यांवरून लोक तुमची जात ओळखतात. ती ओळख टाका, वरच्या जातीच्या बायकांसारखं नीट लुगडं नेसा. बायकांनी ते ऐकलं आणि नेसण्याची पद्धत बदलली. बाबासाहेबांच्या सुटाबुटाबद्दल आजही कुणीतरी नाक मुरडतं. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की, ज्यांनी काय नेसावं हे शतकानुशतकं दुसऱ्यांनी ठरवलं, त्यांच्यातल्या माणसाने तो सूट घातला होता.

आणि त्याआधी ३९ वर्षं, १८८८ मध्ये, पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. दागदागिने घातलेल्या पाहुण्यांकडे बघून हा देश ओळखू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, असं त्यांनी राजपुत्रासमोर सांगितलं. फुले बांधकामाचे कंत्राटदार होते, त्यांना कोट परवडत होता. एकाने वेश खाली आणला, दुसऱ्याने वर नेला. दोघांनीही आपलं आपण ठरवलं, आणि समोर कोण बसलं आहे हे बघून ठरवलं.

आमच्या ऑफिसात बघा. बहुतेक आयटी कंपन्यांत हेच दिसेल. इन केलेला शर्ट, टाय, चकचकीत बूट असा संपूर्ण फॉर्मल पोशाख अख्ख्या इमारतीत एकाच माणसाच्या अंगावर असतो, आणि तो माणूस म्हणजे गेटवरचा सिक्युरिटी गार्ड. त्याच्याखालोखाल नीटनेटक्या गणवेशात असतात हाऊसकीपिंगच्या मावशी. आम्ही शॉर्ट्समध्ये. 'आमच्याकडे ड्रेस कोड नाही' या वाक्याचा खरा अर्थ 'आमच्या पगाराच्या वर ड्रेस कोड नाही' असा होतो. मार्क झुकरबर्ग मे २०१२ मध्ये फेसबुकच्या शेअरविक्रीसाठी गुंतवणूकदारांसमोर हुडी घालून गेला, तेव्हा वॉल स्ट्रीटवाल्यांनी थोडी कुरकुर केली. शेअर मात्र सगळे विकले गेले. हुडी घालून मोठ्यांच्या समोर जाता येणं हीच आता सगळ्यांत महागडी इस्त्री झाली आहे.

त्या इमारतीत शिरण्यासाठी आम्हाला काय करावं लागलं होतं, ते आम्ही विसरलो आहोत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या मजल्यावर एकच काळा ब्लेझर होता. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवशी तो पाच जणांच्या अंगावरून फिरला. आरमोरीच्या एका दोस्ताच्या तो मनगटाच्या चार बोटं वर यायचा. पुण्या-नागपूरच्या मुलांना मापाचे कोट होते. त्यांची इंग्रजीही मापाची होती, हा भाग वेगळा. निवड झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की, इथे ब्लेझर घालणारा येडा ठरतो. म्हणजे नियम होताच, फक्त लिहिलेला नव्हता. आणि न लिहिलेला नियम नेहमी बाहेरच्यालाच शेवटी कळतो. लेखी ड्रेस कोडच्या बाजूने एवढा एकच मुद्दा मला खरा वाटतो: पहिल्या पिढीतल्या मुलाला निदान काय घालायचं ते आधी कळतं.

पण मग तो नियम लिहिणाऱ्याने जागेवर येऊन लिहावा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो, कधी ४७ ओलांडतो. वकिलांच्या काळ्या कोटाला बार कौन्सिलने उन्हाळ्यात खालच्या कोर्टांपुरती सूट दिली आहे, तिथे कुणाला तरी घाम फुटलेला दिसतो. शेजारच्या बस्तरमध्ये मे २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या स्वागताला जिल्हाधिकारी काळा चष्मा आणि भडक रंगाच्या शर्टात उभे राहिले, म्हणून राज्य सरकारने त्यांना नोटीस धाडली होती. जगदलपूरच्या मे महिन्यात त्यांनी बंदगळ्यात उभं राहायला हवं होतं.

१५ मार्च २०२४ रोजी शिक्षकांचा नंबर लागला. शालेय शिक्षण विभागाचा निर्णय आला: शिक्षिकांनी साडी किंवा सलवार/चुडीदार, कुर्ता, दुपट्टा; शिक्षकांनी फिकट शर्ट, गडद पॅन्ट, शर्ट इन केलेला; जीन्स-टी-शर्ट नाही, भडक रंग नाहीत, नक्षी-छपाई नाही. शिवाय डॉक्टर-वकिलांसारखी नावाआधी इंग्रजीत 'टीआर' अशी अक्षरं लावायची मुभा. माझी चुलत बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पावसाळ्यात ती स्कूटी नाल्याच्या अलीकडे लावते, सलवार गुडघ्यापर्यंत धरून पाणी ओलांडते आणि शाळेच्या हापशीवर पाय धुऊन वर्गात जाते. मला वाटलं ती या निर्णयावर भडकेल. तसं झालं नाही. ती म्हणाली, "पोरं कपडे पाहतेतच रे. नवी साडी नेसून गेली का पहिलीतली पोट्टी पदर हातात धरून पाहते. मलेही चांगलं राहून जाणं आवडते." मग म्हटलं, टीआर? त्यावर मात्र ती हसली. "टीआर लावून का होते? एक मास्तर द्या म्हना अजून. चार वर्ग मी एकटी पाहतो."

तिच्या बोलण्यात जे आहे ते दोन्ही शासन निर्णयांत मला कुठेच सापडलं नाही. तिला मुलांचे डोळे दिसतात. त्यांच्यासाठी ती नेसते. निर्णय लिहिणाऱ्याला दिसतो तो पाहणीला येणारा अधिकारी, मंत्रालयातली लिफ्ट, फोटो. २०२०च्या परिपत्रकात कंत्राटी कर्मचारी आणि सल्लागारांकडे विशेष बोट दाखवलेलं होतं, हेही बघण्यासारखं आहे. ज्याची नोकरी अकरा महिन्यांनी संपते, त्याने शासनाची प्रतिमा मात्र कायम जपायची.

प्रतिमेची एवढी काळजी असेल तर आपल्याकडे त्यासाठी कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कोणती सेवा किती दिवसांत मिळणार, ती कुणी द्यायची आणि नाही दिली तर अपील कुणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावणं त्यात बंधनकारक आहे. पुढच्या वेळी तालुक्याच्या एखाद्या कार्यालयात गेलात तर तो फलक शोधा. लोखंडी कपाटाच्या मागे असेल, किंवा असा उंच की वाचायला मान दुखेल. तो आधी डोळ्यांच्या उंचीवर आणा. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव आणि हुद्दा मोठ्या मराठी अक्षरांत छापा, म्हणजे 'उद्या ये' कुणी म्हटलं ते घरी जाऊन सांगता येईल. तो पट्टा जीन्सवर लोंबला काय आणि खादीवर लोंबला काय.

आणि टेबलाच्या या बाजूलाही एक खुर्ची ठेवा. खुर्ची ठेवूनही पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा उभाच राहिला, तर त्याला 'बसा' म्हणा. तो एकदा म्हटल्याने बसणार नाही.