किमान रकमेचे कमाल ओझे

सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे कुळाला वाचता येत नसे आणि त्या अज्ञानावरच सावकारी पोसली जात असे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, तर त्याच्या वह्या आणि कर्जरोख्यांवर होता. आज क्रेडिट कार्ड बाळगणारा नोकरदार साक्षर आहे, पुष्कळदा पदवीधर आहे. तरीही ज्या अटींवर त्याने सही केली, त्या त्याला उमगलेल्या असतात काय, हा प्रश्न जुनाच राहिला आहे.

या अटींपैकी सर्वांत फसवी अट म्हणजे ‘किमान देय रक्कम’. महिन्याच्या बिलावर दोन आकडे असतात : एकूण देय आणि किमान देय. धाकटा आकडा भरला की दंड टळतो. व्याज मात्र टळत नाही. वीस हजारांची थकबाकी आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज धरा. महिन्याचे व्याज झाले ७०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १२६ रुपये. बँकेने किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे हजार रुपये ठेवली असेल, तर त्या हजारातून मुद्दल फिटते अवघे १७४ रुपये! कर्जदाराला वाटते आपण हप्ता फेडला. प्रत्यक्षात त्याने व्याजाची सोय लावलेली असते.

दुसरी अट बिनव्याजी मुदतीची. सुमारे पंचेचाळीस-पन्नास दिवसांची ही सवलत संपूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्यालाच मिळते. वीस हजारांपैकी एकोणीस हजार भरले, तर उरलेल्या हजारावरच व्याज लागेल असे सामान्य माणूस समजतो. प्रत्यक्षात खरेदीच्या दिवसापासून पैसे भरेपर्यंत संपूर्ण वीस हजारांवर व्याज धरले जाते आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डावर रोख रक्कम काढली, तर पहिल्याच दिवसापासून व्याज, शिवाय शुल्क वेगळे. ‘आयुष्यभर मोफत’ म्हणून जे कार्ड गळ्यात मारले जाते, त्यात माफ असते ती वार्षिक वर्गणी, व्याज नव्हे.

येथे कायद्याची भूमिका पाहिली पाहिजे. वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ७ जुलै २००८ रोजी दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द ठरविला. कार्डधारकाला आपल्या जबाबदाऱ्यांची जाणीव करून दिलेली असते, हे त्यामागील एक गृहीत. बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१-अ तर असे सांगते की, व्याजदर भरमसाट आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा गावच्या सावकाराला वेसण घालतो. बँक त्याच्या कक्षेबाहेर आहे. थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या समाजाला शतकानुशतके ठाऊक होता. दरमहा साडेतीन म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. हा दर खेड्यातल्या ओसरीवर आकारला तर पिळवणूक आणि वातानुकूलित कार्यालयात आकारला तर करार, हा न्याय कोणता?

रिझर्व्ह बँकेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्या २०२२ च्या निर्देशांनी न मागता कार्ड देण्यास बंदी घातली. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज आकारण्यास मनाई केली. थकबाकी नसलेले कार्ड अर्ज करूनही सात कामकाजाच्या दिवसांत बंद केले नाही, तर ग्राहकाला दररोज ५०० रुपये देण्याचे बंधन घातले. परंतु व्याजाला आकड्यात मर्यादा घालण्याचे मात्र टाळले. आणि जो हक्क माहीतच नाही, तो मागणार कोण?

म्हणून काम दुहेरी आहे. व्याजदराला कायद्याने कमाल मर्यादा घालावी आणि अटींचा कागद ग्राहकाला मराठीत मिळालाच पाहिजे, ही मागणी सातत्याने लावून धरावी लागेल. पण तोवर थांबून चालणार नाही. कामगार वस्तीत, पतपेढीत, कर्मचारी संघटनेच्या कार्यालयात दहा माणसे जमवून एकेकाचे बिल मोठ्याने वाचावे : देय तारीख कोणती, व्याज किती, मुद्दल किती फिटले? ज्यांना शक्य आहे त्यांनी किमान देयाचा आकडा नसल्याचेच समजून संपूर्ण बिल भरावे. ज्यांना शक्य नाही त्यांनी आधी कार्डाचा वापर थांबवावा आणि पतपेढीतून कमी व्याजाचे कर्ज मिळत असेल तर त्यातून ही थकबाकी फेडावी. कार्डधारकाला सर्व ठाऊक असते असे कायदा गृहीत धरतो. ते गृहीत खरे करून दाखविणे आपल्या हातात आहे.