वहीत नसलेला रकाना

माझ्या सासूबाई घरखर्चाची वही लिहीत. दूध, किराणा, वीजबिल, सगळे पैशापैशाने. त्यात स्वतःच्या राबण्याचा रकाना त्यांनी कधी आखला नाही आणि घरातल्या कुणालाही तो नसल्याचे खटकले नाही. दक्षिण कोरियातल्या अमेरिकी फौजेचा खर्च कुणी किती सोसायचा, या वादाविषयी वाचताना मला ती वही आठवते.

१९६६ च्या करारात जागा कोरियाची आणि फौजेचा खर्च अमेरिकेचा, असे ठरले होते. १९९१ पासून वेगळे करार करून कोरियाही वाटा उचलू लागला. त्याचे रकाने तीन: तळांवरच्या कोरियन कामगारांचे पगार, बांधकाम आणि रसद. २०२४ साली झालेल्या करारानुसार २०२६ चा हा वाटा सुमारे १.५२ लाख कोटी वॉन ठरला. अमेरिका म्हणते, कमी आहे. कोरियातले अनेकजण म्हणतात, फार झाले.

पण मैत्रिणींनो, कोरियाने किंमत मोजायला १९९१ साली सुरुवात केली, असे मी मानत नाही. १९७१ मध्ये अमेरिकेने आपली एक अख्खी डिव्हिजन कोरियातून परत नेली. उरलेली फौजही जाईल या धास्तीने सरकारने तळांभोवतालच्या वस्त्या 'स्वच्छ' करायला घेतल्या. स्वच्छ म्हणजे काय? तर सैनिकांना गुप्तरोग होऊ नये म्हणून तिथे देहविक्रय करणाऱ्या बायकांची सक्तीची तपासणी. रोगाचा नुसता संशय आला तरी कोंडून ठेवून पेनिसिलिनची इंजेक्शने. आणि वर सरकारी अधिकारी त्यांना सांगत, तुम्ही देशासाठी डॉलर मिळवता, तुम्ही देशभक्त आहात! सैनिकांची तपासणी कुणी केली, हे विचारायची सोय नव्हती.

२०१४ मध्ये यातल्या १२२ जणी कोर्टात गेल्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की शासनानेच या व्यवहाराला उत्तेजन दिले. भरपाई मिळाली माणशी ३० ते ७० लाख वॉन. लाख कोटींच्या हिशेबात ही चिल्लरही नव्हे. तीही एकट्या कोरियन सरकारकडून. म्हणून २०२५ मध्ये अशाच बायकांनी नवा दावा लावला, आता अमेरिकी लष्करालाही जबाबदार धरा म्हणून.

खर्चाची खरी वाटणी मागितली ती या म्हाताऱ्या बायकांनी. 'देशाच्या संरक्षणासाठी' हे शब्द ऐकले की आपण गप्प बसतो. यापुढे निदान एवढे तरी विचारू या: या संरक्षणाची किंमत कुणाच्या शरीरातून वसूल झाली आणि ती वहीत कुठे लिहिली आहे?