संगणकाचा धनी कोण?

आपल्या समाजात हल्ली एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. "आमच्या मंडळात संगणक आला!" ऐकून आम्हांलाही आनंद होतो. परंतु आम्ही पेशाने शिक्षक, प्रश्न विचारण्याची आमची खोड जात नाही. "त्याची देखभाल कोण करतो?" असे आम्ही विचारतो. उत्तर ठरलेले असते. "तो अमक्यांचा मुलगा आहे ना, त्याला सगळे ठाऊक आहे." आणि अमक्यांचा मुलगा पुढच्या वर्षी कॅनडाला जातो.

या विषयावर लिहावे असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते. २०२४ च्या डिसेंबरात शाळेच्या सुट्टीत आम्ही शारजाला आमच्या चुलत बहिणीकडे गेलो. ती दुबईत नोकरी करते, पण तिथले भाडे परवडत नाही म्हणून शारजातील अल मजाज या वस्तीत राहते. खालिद खाडीच्या काठची ही वस्ती आहे. उंच इमारती, संध्याकाळी कारंजी पाहायला जमणारी माणसे, आणि कानावर मल्याळम, हिंदी, उर्दू, मध्येच मराठीही. ती फावल्या वेळात एका लहान सेवाभावी संस्थेचे काम करते. संस्थेचे नाव येथे देण्याचे कारण नाही. कचेरीत पंधराएक संगणक, आणि ते सांभाळायला तिघेजण: अर्धवेळ पगारावरचा एक केरळी गृहस्थ, कोल्हापूरकडची एक ताई आणि आमची बहीण. या दोघी शनिवारी येतात, विनामोबदला.

१६ एप्रिल २०२४ रोजी त्या देशात जो पाऊस झाला तसा १९४९ पासूनच्या नोंदींत कधी झाला नव्हता. अल ऐनजवळ खत्म अल शकला येथे एका दिवसाच्या आत २५४.८ मिलिमीटर पाणी पडले. अल मजाजमध्ये तर कित्येक रस्त्यांवर पाणी दिवसेंदिवस साचून राहिले. संस्थेची कचेरी तळमजल्यावर. टेबलाखाली ठेवलेली चार यंत्रे बुडाली. तरीही आठवड्याच्या आत दुसऱ्याच्या खोलीत उसन्या यंत्रांवर काम सुरू झाले. एकही पत्र, एकही हिशेब गेला नाही.

हे ऐकून आम्हांला मान खाली घालावी लागली. त्याच वर्षी १५ जानेवारीला बेलाल वादळ आपल्या बेटावर आले, पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या, ते आपण सर्वांनी पाहिले. पण आमचे नुकसान त्याच्याही पूर्वीचे, आणि त्याला ना वादळ लागले ना पूर. आमच्या ओळखीच्या एका बैठकेत आम्ही आणि दोन शिक्षकांनी मिळून गावातील म्हाताऱ्या बायकांकडून झाकरीची गाणी लिहून घेतली होती. दोन वर्षे रविवारी बसून ती संगणकावर उतरवली. एका सकाळी यंत्र सुरू झाले नाही. दुसरी प्रत नव्हती. ज्या आजीने सर्वांत जास्त गाणी सांगितली ती आज हयात नाही. दोष यंत्राचा नव्हता. दोष आमचा होता.

तर मग त्या तिघांनी काय वेगळे केले? आम्ही खोदून खोदून विचारले. त्यात विद्वत्ता थोडी, शिस्त फार.

पहिली गोष्ट म्हणजे वही. प्रत्येक यंत्राला क्रमांक चिकटवलेला आहे. ते केव्हा आले, कोणाकडून आले, काय बिघडले, काय बदलले हे वहीत लिहिलेले आहे. कोणाची तक्रार असेल तर तीही वहीतच लिहायची. "जाता जाता जरा बघ ना" हा प्रकार तेथे बंद आहे. त्यामुळे एकाच यंत्राने तीनदा त्रास दिला तर ते दिसते, आणि माणसांचा वेळ कुठे जातो तेही दिसते.

दुसरी गोष्ट, सगळी यंत्रे शक्यतो एका जातीची. कोणी घरचा जुना संगणक देऊ केला तर ते हात जोडून नको म्हणतात. "धर्माची गाय, दात का गं नाही" असे विचारू नये हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र दात मोजलेच पाहिजेत. दहा घरची दहा यंत्रे म्हणजे दहा प्रकारची दुखणी.

तिसरी गोष्ट किल्ल्यांची. प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि पासवर्ड. यंत्रात काही नवे घालण्याचा अधिकार फक्त तिघांना, आणि मुख्य पासवर्ड बंद लिफाफ्यात घालून कपाटात. आखाती देशात माणूस आज आहे, नोकरी सुटली की उद्या मायदेशी. म्हणून जे एकाच्या डोक्यात आहे ते कागदावर असलेच पाहिजे, असे ती ताई म्हणाली.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक कचेरीबाहेर. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादा कागद खरोखर उघडून बघायचा. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या पैशांवर सौदा करणे होय.

कोणी म्हणेल, "आम्ही लहान माणसे. एवढा व्याप कशाला? फोनवर सगळे होते." बंधूंनो, फोन हा चिटणीसांचा असतो, मंडळाचा नसतो. कार्यकारिणी बदलली की सभासदांची यादी फोनबरोबर घरी जाते. दूरच्या कंपनीकडे कागद ठेवले, पण खाते कोणा एकाच्या खाजगी नावावर उघडले, तरी तीच गत. शिवाय मुलांची नावे, जन्मतारखा, पत्ते आपल्याकडे असतात. २०१७ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्याने त्यांची जबाबदारी ठेवणाऱ्यावर टाकली आहे. कायदा लहान-मोठा पाहत नाही.

संकटेही पाहत नाहीत. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभरची यंत्रे कुलूपबंद केली. इंग्लंडमधील इस्पितळांना रोग्यांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. त्यावरचा उपाय विंडोज बनवणाऱ्या कंपनीने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो लावला नव्हता ते सापडले. उलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली दुरुस्तीच सदोष निघाली आणि सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली, विमाने अडकली. म्हणजे दुरुस्ती टाळू नये, पण आपल्या हातात असेल तेथे ती आधी एका यंत्रावर लावून पाहावी, मग बाकीच्यांवर. यालाही कोणीतरी धनी लागतो.

आता तातडीची बाब. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला कंपनीचा नियमित, मोफत आधार उरलेला नाही, आणि आपल्या मंडळांतील बरीच जुनी यंत्रे विंडोज ११ घेण्यास पात्र नाहीत. ती चालतात, पण दार उघडे टाकून चालतात. लगेच नवी घेण्याचे बळ नसेल तर लिनक्स आणि लिब्रेऑफिस हा बिनपैशाचा मार्ग आहे. केरळातील सरकारी शाळा कित्येक वर्षे याच वाटेने चालल्या आहेत. त्यावर देवनागरी उत्तम उमटते. मात्र युनिकोडमध्येच लिहावे. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेले मराठी दुसऱ्या यंत्रावर गेले की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. तसे कागद कोणाकडे असतील तर ते आताच बदलून घ्यावेत.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळाला स्वतंत्र जाणकार मिळणार नाही. म्हणून शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून तिघांची एक टोळी करावी: एक शिक्षक, एक कॉलेजात शिकणारा मुलगा, एक मुलगी. महिन्यातून एक शनिवार त्यांचा. त्यांच्या बसभाड्याचा आणि चहाचा खर्च मंडळांनी वाटून घ्यावा, आणि वर्षाच्या अंदाजपत्रकात संगणकासाठी एक ओळ असावी. गणेशचतुर्थीच्या मंडपाला पैसे निघतात, तसे यालाही निघतील. आणि त्या मुलांना फुकटचे नोकर समजू नये. सभेत त्यांचे नाव घ्यावे, त्यांच्या "नाही"ला मान द्यावा.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांची दप्तरे आहेत. मुंबई बंदरातून कोण कोणत्या जहाजाने आला, त्याचा क्रमांक काय, हे परक्या सरकारच्या कारकुनांनी स्वतःच्या कामासाठी लिहिले. प्रेमाने लिहिले नाही, पण जपून ठेवले गेले, म्हणून आज आपली मुले पणजोबांचे नाव शोधू शकतात. आपण प्रेमाने लिहिलेली गाणी मात्र आम्हांला काही वर्षेही राखता आली नाहीत.

पुढच्या सभेत, वाचकहो, हिशेब वाचून झाल्यावर उभे राहून एवढेच विचारा, "आपल्या संगणकाचा धनी कोण?" उत्तरात एकच नाव आले तर बसू नका. दुसरे नाव मागा, आणि वही दाखवा म्हणा.